मंगळवारी बदललेली फाइल

आळेफाट्यावर माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आमच्याकडच्या पत्रिकेत अख्खं गाव मावतं: सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच. एवढ्या गर्दीत लोणीच्या एका पत्रिकेत नवरीच्या सख्ख्या मामांचंच नाव नव्हतं, आणि पत्रिका छापून वाटूनही झाल्या होत्या.

मामा पारगावहून तणतणत दुकानात आले. मागोमाग त्यांची धाकटी बहीण, म्हणजे नवरीची आई. साखरपुड्यात मामांना फेटा बांधायचा राहिला, त्यावरून बहीणभावात कडाक्याचं वाजलं होतं.

"त्याच रागानं हिनं माझं नाव काढलं," मामा म्हणाले. "आता लग्नात पोरीच्या पाठीशी कोण हुबा ऱ्हातो ते बघतोच!"

बहीण नुसती "दादा, आवं दादा" करत होती.

मला हुशारी दाखवायची भारी खाज. फाइलमध्ये काहीही बदलून सेव्ह केलं, की कॉम्प्युटर तिच्यापुढं त्या घडीची तारीख टाकतो. स्वल्पविराम हलवा नाहीतर मामा हलवा, त्याला सारखंच. या फाइलला शेवटचा हात लागला होता शुक्रवारी. साखरपुडा झाला त्यानंतरच्या रविवारी.

"मामा, भांडणानंतर फाइल कुणी उघडून बदललेलीच नाही," मी न्यायाधीशाच्या थाटात सांगितलं. "नाव पहिल्यापासूनच नव्हतं."

मामांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजी काढलं नाय. हिला माझं नाव आठावलंच न्हाई."

बहीण जमिनीकडं बघत राहिली. मामा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला बघवेना. त्यापेक्षा ओरडत होते तेच बरं होतं.

मग मी चावटपणा केला. फाइलवरची तारीख येते कॉम्प्युटरच्या घड्याळातून, आणि ते घड्याळ माझ्या हातात. मी ते मागं नेलं, साखरपुड्यानंतरच्या मंगळवारवर. पत्रिका छापायला गेली त्याच्या आदल्या दिवशी. फाइलमध्ये एक टिंब टाकलं, पुसलं, सेव्ह केलं आणि घड्याळ पुन्हा ठिकाणावर आणलं. बहीण शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

"मामा, मघाशी जुनीच फाइल उघडली राव! छापली ती ही बघा."

मामा आत आले, पडद्याला नाक लावून वाचलं. "मंगळवार! मी म्हनलं नव्हतं? काढलंच व्हतं हिनं!"

बहिणीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "व्हय दादा," ती म्हणाली, "मीच काढलं. लई राग आला व्हता."

"मग तसं सांगायचं ना!" मामांचा चेहरा फुलला. "माझ्यावर नाय रागवायचं तर कुनावर रागवायचं तू? चल, येतो मी लग्नाला. फेटा मातर भगवा पायजे."

तिला रडूच फुटलं.

"आगं, रडती कशाला?" मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "काढलंस तर काढलंस. इसरली तर नव्हतीस ना?"