पेल्यांची उतरंड

अकरावीला मला लातूरला ठेवायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता, आणि तो माझ्या मार्कांचा नव्हता. आई स्लॅबखाली राहील का?

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला आमचं चांगलं बांधलेलं घर होतं, पण भूकंपापासून आई त्यात फक्त सामान ठेवायची. आम्ही राहायचो अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिचं माहेर औशाकडचं. त्या पहाटे तिची धाकटी बहीण मातीच्या माळवदाखाली गेली. तेव्हापासून डोक्यावर पत्र्याहून जड काही आईला चालेना. वडील शाळामास्तर, अटी घालण्यात पटाईत. "पोरीला एकटीला होस्टेलवर ठेवणार न्हाई," ते आईला म्हणाले. "तू संग राहा. महिनाभर बघू. जमलं तर ठीक, न्हाई तर ती इथंच आर्ट्‌सला जाईल." मला आर्ट्‌सला जायचं नव्हतं. मला बायोलॉजी शिकायचं होतं, आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते.

लातुरात खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर. गल्लीत घरोघरी क्लासची पोरं आणि त्यांना रांधून घालायला गाव सोडून आलेल्या आया. आईनं आल्या आल्या दोन कामं केली. मुरुडहून मांडीवर घेऊन आणलेली तुळशीची कुंडी खिडकीत ठेवली, आणि फळीवर स्टीलचे चार पेले एकावर एक रचले, एक उपडा, एक सुलटा. जमीन हलली की ही उतरंड आधी पडणार, मग आपण पळायचं. त्या वर्षांत आमच्याकडं लोकांचा रेडिओपेक्षा पेल्यांवर जास्त भरवसा होता.

आता लातूर तेव्हा शांत बसलेलं होतं का! जिकडंतिकडं क्लास निघत होते, घरांवर मजले चढत होते आणि दर चार घरांआड बोरवेलची गाडी धडधडत होती. गाडी सुरू झाली की पेले खणखणत खाली. आई हातातलं टाकून माझं मनगट धरायची आणि दोन जिने उतरून थेट रस्त्यावर. एकदा मी केस धूत होते. डोळ्यांत शिकेकाई, तशीच खाली. बरं, कुणी हसावं तरी! अर्धी गल्ली आमच्या आधीच उभी असायची. सगळ्यांच्याच फळीवर पेले होते.

"बोर व्हय?"

"हाव, बोरच की."

मग सगळे निमूट वर. कधी कधी दिवसातून तीनदा हा सोहळा व्हायचा. पहिल्या टेस्टमध्ये मी अशी आपटले की विचारू नका. घरी येऊन आईवर खेकसले, "तुझ्यापायी मला आर्ट्‌सला जावं लागतंय!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात तुळशीचं बिनसलं. मुरुडच्या उन्हात ती बुटकी आणि झुपकेदार होती, पानं बारकी नि जाड. इथं खिडकीत जेमतेम तासभर ऊन, तर ही बया लांबच लांब वाढली, आणि नवी पानं आली ती रुंद नि पातळ. "हिला लातूर मानवंना," आई म्हणाली आणि तिचा चेहरा इतका पडला की मी एक जुनं पान नि एक नवं पान वहीत घालून क्लासला नेलं.

सर एकदम खूश. दोन्ही पानं हातात धरून त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवली. रोप एकच, बी एकच, म्हणाले. पण उजेड कमी पडला तर ते पान रुंद करतं, मिळेल तेवढा उजेड गोळा करतं. याला फेनोटिपिक प्लास्टिसिटी म्हणतात, लिहून घ्या. "जनावराला जागा मानवली नाही तर ते पळतं. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते बदलतं."

मी घरी जाऊन आईला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हंजे ती आजारी न्हाई?"

"न्हाई गं. जमवून घ्यायलीय."

"आन् परत उन्हात ठिवली तर?"

"जुनी पानं हायेत तशीच राहतील. नवी येतील ती बारकी येतील."

आईनं मेथी तशीच ठेवली आणि उठून कुंडीला तांब्याभर पाणी घातलं.

महिना भरला आणि वडील आले. शर्ट खुंटीला, अंगात बनियन, हातात चहाची कपबशी, अगदी शाळा तपासायला आल्याच्या थाटात बसले. आई भाकऱ्या थापत होती. आईची भाकरी म्हणजे कंपासनं काढलेली. जराशी कड चिरली तरी मोडून पुन्हा मळणार. आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या प्लॉटवर बोर सुरू झाली. पेले धडाधड खाली आले. मी सवयीनं मनगट पुढं केलं.

आई हलली नाही. परातीकडं बघतच म्हणाली, "बोर मारायलेत."

मी वळून बघते तर वडिलांची जागा रिकामी! खिडकीतून वाकून पाहिलं. मास्तर बनियनवर, कपबशीसकट, भर गल्लीत क्लासच्या पोरींमध्ये उभे. वर आले तेव्हा कपात थेंब नव्हता. "दुसरा टाकू का?" आईनं विचारलं. त्यांनी शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि म्हणाले, "राहा दोघी." मी हसून हसून लोळायची बाकी होते.

आता मी नांदेडला बायोलॉजी शिकवते. हा धडा आला की तीच दोन पानं वर्गात फिरवते, वहीत चपटी होऊन काळी पडलेली. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, असं बदलताना झाडाला त्रास होत असेल का? मी म्हणते, ते सिलॅबसमध्ये नाही.

त्या दिवशी वडील जेवून एसटीला गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. टोपल्यात तळाला एक भाकरी होती, वडिलांना न वाढलेली. तिच्यात पाच बोटांची पाच भोकं होती, आरपार. आईनं ती मोडली नव्हती, पुन्हा मळली नव्हती, तशीच भाजली होती. मी आईकडं बघितलं. तिनं फळीवर पेले पुन्हा रचले नव्हते; चारही धुऊन त्यांत पाणी भरलं होतं.

"खा की," आई म्हणाली. "बघत काय बसलीस?"

मी ती भाकरी तिला घेऊ दिली नाही. सगळी मीच खाल्ली.