गादीतली पावडर

शुभदाच्या प्रयोगशाळेतल्या आलेखाच्या कागदावर एक बारीक टोक उभं होतं, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखं. काही विषं कुजत नाहीत, विरत नाहीत. ती माणसांच्या रक्तात किती उरतात, हे ती तपासते. मैत्रीण म्हणून मीही रक्त दिलं होतं.

"हे तुझ्या रक्तातलं, डीडीटीचं उरलेलं," ती म्हणाली. "लहानपणी घरात वापरायचात का?"

वापरायचो. ढेकूण झाले की आई गाद्या उन्हात टाकायची. नाकाला पदर बांधून शिवणीशिवणीत पांढरी पावडर भरायची, वर धुतलेली चादर ताणून घालायची आणि म्हणायची, "आता निवांत झोपा." तिला जाऊन बरीच वर्षं झाली. जपून ठेवलेल्या तिच्या लुगड्यांचा वास कधीच उडाला, फोटोतला चेहरा पिवळा पडला, आवाज तर मला नीट आठवतही नाही. तिनं मायेनं पसरलेली ती पावडर मात्र अजून माझ्या अंगात आहे. आईचं इतकं टिकलेलं दुसरं काही माझ्याकडे नाही.

"पण तुझ्या वयाच्या मानानं कमी आहे," शुभदा म्हणाली.

मला बरं वाटलं. "ते कशानं?"

कागदाची घडी घालत ती म्हणाली, "मुलीला अंगावर पाजलंस ना? दुधातून जातं ते."

दीड वर्ष पाजलं होतं. पोट भरलं की ती माझ्या हातावरच पेंगायची आणि मी तिला थोपटत म्हणायचे, "आता निवांत झोप."