आमच्या मंडळातल्या चार फिती

माझी रविवारची खुर्ची घालवली ती माझ्या बायकोने. जेवणाच्या टेबलाशी बसून, एका हाताने शेंगा सोलत, दुसऱ्या हाताने निळ्या बॉलपेनने, चार मिनिटांत.

सात रस्त्याजवळ एका भांड्यांच्या दुकानावर आमच्या भजनी मंडळाचा हॉल आहे. रविवारी पाचला भजन, मग अर्धा तास पोथीवर निरूपण, मग प्रसाद. हे निरूपण सहा वर्षं मी करत होतो. आठवडाभर मी विम्याच्या ऑफिसात टेबलामागे बसून लोकांना "उद्या या" म्हणतो. रविवारी मात्र त्या लाकडी खुर्चीत बसलो की सतरंजीवरची साठ-सत्तर माणसं माझ्याकडे मान वर करून बघायची. त्यातली निम्मी प्रसादासाठी आलेली असायची हे मला ठाऊक होतं. पण मान वर करायची ना! पन्नाशी उलटलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. मागच्या उन्हाळ्यात ते कुठल्याशा आश्रमात आठ दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना योजना घेऊन आले. समाजाची घडी विस्कटलेली आहे, ती आधी आपल्या मंडळात नीट बसवू. म्हणजे चार वर्ण. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली तसा त्यांनी हात वर केला, शाळेत करत असतील तसा.

"जन्माने नव्हे! जात कुणी विचारणार नाही आणि कुणी सांगायची नाही. फक्त गुण आणि कर्म. ज्याचा जो स्वभाव, त्याला ती सेवा."

मला हे फार पटलं. न पटायला काय झालं? गुण बघून शिकवणारा वर्ग निवडायचा, तर तो वर्ग त्या क्षणी खुर्चीतच बसलेला होता. मी उत्साहाने छापील फॉर्मही वाटले, सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'नेहमी', 'कधीकधी', 'क्वचित'. अट एकच होती: आपला फॉर्म आपण भरायचा नाही. एका छपराखाली राहणाऱ्याने भरायचा, कारण आपला स्वभाव आपल्याला दिसत नाही.

घरी तिचा फॉर्म मी भरला, माझा तिने. तिचा मी फार विचार करून भरला, कारण तो पुढचे दोन दिवस आमच्याच टेबलावर पडून राहणार होता. राग येतो का? क्वचित. बोलणं मधुर आहे का? नेहमी. विद्या दुसऱ्याला देण्याची आवड? हे मात्र खरंच होतं, ती शाळेत गणित शिकवते. माझा फॉर्म तिने बाजूला सरकवला आणि परत शेंगा घेतल्या.

"काय लिहिलंस?"

"खरं लिहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचू नका."

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी निकाल वाचला. वर्णांना रंग होते, आणि नवी पेठेतून त्या त्या रंगाच्या सॅटिनच्या फिती आणल्या होत्या. शिकवणाऱ्यांना पांढरी, व्यवस्था बघणाऱ्यांना लाल, खरेदी-विक्रीवाल्यांना पिवळी, सेवा करणाऱ्यांना काळी. बायकोला पांढरी मिळाली, आणि पांढऱ्यांत सगळ्यांत जास्त गुण म्हणून खुर्चीही. मला काळी. माझ्या फॉर्मखाली शेऱ्याची एक ओळ होती, तीही अध्यक्षांनी वाचून दाखवली: "हाताला काम दिलं की शांत राहतात."

हॉल इतका हसला, की सहा वर्षांत माझ्या एकाही दृष्टान्ताला कुणी तसं हसलं नव्हतं.

रिक्षात मी म्हणालो, "खुर्ची घेतलीस माझी."

"मी कुठं घेतली? तुम्हीच दिलीत की. मधुर बोलते म्हणून कुणी लिहिलं?"

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, असलं लिहून देऊ नये कधी."

तर पुढच्या रविवारपासून ती खुर्चीत आणि मी हॉलच्या मागे, पत्र्याच्या स्वयंपाकघरात. तिथे चारजण होते: दोन बायका, एसटीचे एक निवृत्त कंडक्टर आणि मावशी. मावशी भवानी पेठेतल्या. मातृभाषा तेलुगू. सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली, आणि सात वर्षं आमची गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, त्याच करतात. ही हुग्गी एक क्षण ढवळायची थांबली की बुडाला लागते. चौघांच्याही छातीवर काळी फीत होती.

"अय्यो, तुमी हितं?" मावशी म्हणाल्या. "वाट चुकलाव काय?"

"फॉर्ममध्ये निघालं, मावशी."

"फॉर्म? कसला फॉर्म?"

मी ढवळायचा डाव हातात घेतला. फॉर्म मीच वाटले होते, आणि सतरंजी संपली तिथे थांबलो होतो. मागे कुणी गेलंच नव्हतं. या चौघांच्या फिती अध्यक्षांनी परस्पर ठरवल्या होत्या, ते सेवेतच आहेत म्हणून. पुढे बसणाऱ्यांचा स्वभाव चाळीस प्रश्न विचारून शोधावा लागला. मागे उभं राहणाऱ्यांचा न विचारताच कळला होता. हे सगळं मला हातात डाव धरल्यावर समजलं. आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो असा: यावरून योजना मोडता येईल आणि खुर्ची परत मिळेल.

पण मी बोललो नाही. बोललो असतो तर का बोलतोय हे बायकोने लगेच ओळखलं असतं.

तिसऱ्या रविवारी मंडळात एक पाहुणे आले, कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब. हात धुवायला मागच्या नळावर आले आणि आम्हाला बघून थबकले. पाच माणसं, पाच काळ्या फिती, काम चालू.

"कसला निषेध?" त्यांनी अगदी आस्थेने विचारलं. "मागण्या काय आहेत?"

आमच्याकडे काळ्या फितीचा दुसरा अर्थच नाही. कामावर यायचं, काम करायचं, आणि नाराजी छातीवर लावायची. अध्यक्षांनीसुद्धा नोकरीत असताना वेतनासाठी कितीदा लावली असेल! पण शिबिरात चौथा रंग काळा सांगितला होता, म्हणून त्यांनी काळी आणली.

कंडक्टर म्हणाले, "अजून ठरल्या न्हाईत साहेब. बैठक घ्यायला पायजे."

"ठरायचं काय त्यात?" मावशी डाव न थांबवता म्हणाल्या. "मला फॉर्म पायजे."

तेवढ्यात पाहुण्यांना शोधत अध्यक्ष आले. त्यांना कळेना की आपण कशात येऊन पडलो.

"मावशी, तुम्हाला कशाला फॉर्म? तुम्ही तर आमच्या अन्नपूर्णा."

"मग अन्नपूर्णेला इचारायचं नसतं व्हय? ह्यांचा सभाव इचारला, ह्यांच्या मालकिणीचा इचारला. माझा कुणी इचारला?"

पाहुणे अध्यक्षांकडे बघायला लागले. फॉर्म आला. मग प्रश्न निघाला, भरायचा कुणी? मावशी घरी एकट्याच.

"हे भरतील की," त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तीन रविवार एका छपराखालीच हाव."

छप्पर पत्र्याचं होतं, पण नियमात बसत होतं. मी उलट्या डब्यावर बसलो आणि एकेक प्रश्न वाचायला लागलो. दुसऱ्याची चूक शांतपणे दाखवता का? पहिल्याच रविवारी माझ्या हातून हुग्गी लागत होती. मावशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. माझं मनगट धरलं, डाव बुडापासून दोनदा फिरवला आणि गेल्या. मी लिहिलं, नेहमी. शिकवण्याची आवड? नेहमी.

पंचविसाव्या प्रश्नाला सगळ्यांना दिसलं की खुणा पांढऱ्या फितीकडे चालल्यात. प्रत्येक 'नेहमी'बरोबर खुर्चीला आणखी एक हक्कदार तयार होत होता, आणि तो मीच करत होतो. 'कधीकधी'वर पेन खरंच थांबलं. पण मावशी माझ्या पेनाकडेच बघत होत्या. त्यांना मराठी वाचता येतं की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि ते असं शोधून काढायची माझी तयारी नव्हती. सगळीकडे 'नेहमी' केलं.

बेरीज पांढरी निघाली. अध्यक्षांनी फीत पुढे केली.

"फीत नको, खिरीत पडंल," मावशी म्हणाल्या. "मला ते निरूपण ऐकायचंय. सात वर्सं झाली, नुसता आवाज येतोय. शब्द येईनात."

"पण मग हे..." अध्यक्ष पातेल्याकडे बघत म्हणाले. पाहुण्यांनीही पातेल्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी बाह्या सावरल्या. मावशींनी त्यांचं मनगट धरून डाव दोनदा बुडापासून फिरवून दाखवला आणि हात पुसत हॉलमध्ये गेल्या.

पुढच्या रविवारी कुणाच्याच छातीवर फीत नव्हती. योजना "पुढच्या टप्प्यात" गेल्याचं अध्यक्षांनी सांगितलं. त्यांच्या नातीच्या वेण्यांना पांढरं सॅटिन बघितल्याचं बायको सांगते. ढवळायला आता पाळी लागते, आणि त्या पाळीत अध्यक्षही आहेत.

खुर्चीचं काय, असं अध्यक्षांनी आम्हा दोघांनाही विचारलं. मी नम्रपणे जमिनीकडे बघत राहिलो. बायको म्हणाली, "मला नववीचे पेपर असतात. एक रविवार हे, एक रविवार मी." म्हणजे खुर्ची निम्मीच परत मिळाली, तीही तिच्या सवडीवर.

माझ्या पहिल्या रविवारी मावशी अगदी पुढे बसल्या. इस्त्रीची साडी, ताठ पाठ. आदल्या दिवशी गहू भिजवून, दुपारी चुली पेटवून देऊन, मग आल्या होत्या. मी आठवडाभर तयारी केली होती, दोन नवे दृष्टान्त जमवले होते. सुरुवात छान झाली. पाचव्या मिनिटाला त्यांची मान हळूहळू खाली आली आणि तिथेच राहिली. मागे बायको तोंडाला पदर लावून हसत होती. शेजारची बाई मावशींना हलवायला लागली.

मी हातानेच तिला नको म्हणून खुणावलं, आवाज खाली घेतला, आणि उरलेलं निरूपण तसंच हळू आवाजात पुढे नेलं.