काटे आलेलं रक्त

देवीवर माझी श्रद्धा होती, पण तेव्हा मी तिच्यावर चिडलेले होते. ह्यांची दारू सोडव म्हणून बारा वर्षं तिच्या गडावर नाक घासलं, आणि पदरात पडले ते ह्यांचे पिवळे डोळे. साधी कावीळ समजून मीच शहाणी ह्यांना सिन्नरकडच्या एका गावी माळ घालायला घेऊन गेले. डोक्यावर ठेवलेली ती माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असं आमच्याकडे मानतात. पथ्य तेल-हळदीचं सांगितलं होतं. ते ह्यांनी कडक पाळलं आणि संध्याकाळची बाटलीही चालूच ठेवली, कारण तिच्याबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं! माळ उतरली, मी गूळ वाटला. आठव्या दिवशी हे आमच्या गुलाबाच्या मळ्यात धाप लागून खाली बसले.

नाशिकच्या दवाखान्यात रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, तरी अंगातलं रक्त कमीच होत होतं. कुठे जखम नाही, मग जातंय कुठे? त्या दुपारी मी देवीला मनात म्हटलं, "आता मी तुला काही सांगत नाही. माझी अक्कल संपली."

थोड्या वेळाने लॅबमधल्या बाई आल्या. कोणीतरी रजेवर होतं, त्यांच्या बदली त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, काकांना चाकांच्या खुर्चीवरून लॅबमध्ये आणू या का? त्यांचं रक्त त्यांनी स्वतः बघावं असं मला वाटतंय." असं कोण करतं? लॅबमध्ये आधी मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी गोल असतात म्हणे, पण ह्यांच्या पेशींना गुलाबाच्या देठासारखे काटे होते.

"दारूनं लिव्हर खराब झालं की असं होतं. शरीरच मग या पेशी मोडून टाकतं. चढवलेलं रक्तसुद्धा टिकत नाही."

एवढ्याशा थेंबात केवढं काय चाललेलं, आणि दाखवणारी कोण कुठली! मी थक्क झाले. मग ह्यांनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे माझं रगत हाय?"

"तुमचंच, काका."

"लय छळलं मी याला," म्हणाले आणि रडले. दारू त्या दिवशी सुटली.

आशा थोडीच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण महिन्या-दीड महिन्यात रक्त टिकू लागलं. फुलं घेऊन त्या बाईंना भेटायला गेले, तर त्या कधीच गेल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं.

पुढचं डॉक्टर अजून सांगत नाहीत, मीही विचारत नाही. सकाळी उठले की आधी ह्यांचे डोळे बघते. पांढरे दिसले की हात जोडते. एखाद्या दिवशी किंचित पिवळसर वाटतात. तेव्हाही जोडते.