गोफणीला चारच

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या खोलीत चार मास्तर मिळून एका राक्षसाला मारत होते. यातली पहिली गोष्ट पेपरात आली. दुसरीला साक्षीदार मीच, तेव्हा विश्वास ठेवावा लागेल.

आम्ही चौघं एकाच खाजगी क्लासमध्ये शिकवत होतो. मी उदगीरचा, जीवशास्त्रवाला. केमिस्ट्रीवाले हदगावचे, गणितवाले मुखेडचे. चौथे फिजिक्सवाले खास लातूरचे, पण सख्ख्या भावांशी न पटल्यामुळं आमच्यात राहायला आलेले. यावरून काय ते समजा. आम्ही एकमेकांना सर म्हणायचो. शिव्या घालतानासुद्धा सर सुटत नसे.

खेळ फिजिक्सवाल्यांनीच पुण्याहून आणला, नियमांच्या पुस्तकासकट. ते गोष्ट सांगणार, आपण त्या गोष्टीतला एकेक गडी होऊन लढायचं. प्रत्येक गड्याला मोजके जीव. वार लागला की हत्याराप्रमाणं फासा पडणार आणि ज्याला लागला त्याचे तेवढे जीव कमी होणार. तलवारीला आठ तोंडांचा फासा, मोठ्या कुऱ्हाडीला बारा तोंडांचा. समोशासारखा एक चार तोंडांचा फासा होता, तो फडतूस हत्यारांना. ज्याचा गडी मेला त्यानं पंधरा दिवस टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या घागरी घेऊन उभं राहायचं, हा नियम मात्र आमचा, लातूरचा. टँकर दुपारी तीनला यायचा. मे महिन्यात, तीनला. त्या रांगेत एका माणसाची सावली वितळून गटारात गेलेली मी पाहिली आहे.

माझा गडी तलवारवाला होता. पण फिजिक्सवाल्यांनी त्याला दलदलीत पाडून तलवार बुडवली. अख्ख्या जिल्ह्यात घोटभर चिखल नव्हता आणि माझ्या एकट्यासाठी दलदल. रविवारी दुपारी गडी राक्षसापुढं उभा राहिला तेव्हा त्याचा एक जीव उरलेला आणि हातात नुसती गोफण. राक्षसाचे पाच उरलेले. फिजिक्सवाल्यांनी समोसा उचलला.

"थांबा सर," मी म्हणालो. "गोफणीला चार?"

"पुस्तकात तक्ता आहे."

"चारानं पाच कसे मरतील?"

"न्हाई मरणार. मग त्याचा वार, मग तुम्ही घागरी घ्या."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी ज्वारी राखली होती का? आमच्या रानातल्या माळ्यावरून मी गोफण फिरवली की तिकडं कर्नाटकात बैल बसायचे."

"तुमचं उदगीर जिल्हा झालं की तुम्ही पुस्तक छापा सर. तोवर तालुक्यानं तालुक्यासारखं बोलावं."

हे मला लागलं. जिल्ह्यासाठी आमच्या गावानं किती मोर्चे काढले, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते बोलले.

"फिजिक्स शिकवता ना?" मी म्हणालो. "मग गच्चीवर चला. दाखवतो."

गणितवाल्यांनी लगेच अट मांडली. एका टोकाला करवंटी, दुसऱ्या टोकाला मी. करवंटी फुटली तर गोफणीला आठ, न्हाईतर चार आणि घागरी. करवंटी कठड्यावर फिजिक्सवाल्यांनी स्वतः ठेवली, हे मी घरमालकांनाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो. कपडे वाळत घालायची दोरी आणि जुन्या चपलेचा पट्टा घेऊन मी गोफण केली, बांधकामाची खडी घातली आणि फिरवली.

आता खरं सांगतो. माळ्यावर मी लहानपणभर गोफण मारली, पण एक पाखरू कधी मेलं न्हाई. तिथं नेम धरावा लागतच न्हाई. आवाज झाला की पाखरं उडतात, आणि खडा जातो मोकळ्या रानात. गोफणीच्या पुढं रानच असतं, ही माझी जन्माची सवय. त्या कठड्यामागं रान नव्हतं. घरमालकांची काळी टाकी होती. तीत आठवड्याचं पाणी होतं.

करवंटी जागची हलली न्हाई. टाकीला मनगट जाईल एवढं भोक पडलं.

पुढचा अर्धा तास चार मास्तर कुकर, बादल्या, डबे, फाशांची पेटी, जे हाताला येईल ते घेऊन धावत होते. फिजिक्सवाले भोकाला पाठ लावून उभे होते आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघत होतं. त्या उन्हाळ्यात एवढं भिजलेला माणूस लातुरात दुसरा नसेल.

"सर," मी विचारलं, "आता किती धरायचे?"

"आधी बोळा आणा, गाढव सर."

बोळा येईपर्यंत टाकी रिकामी झाली होती. घरमालक वर आले, टाकीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि खाली जाऊन आमच्या घागरींशेजारी आपल्याही घागरी मांडून आले.

ओल्या शर्टानं फिजिक्सवाले पुन्हा पुस्तकापुढं बसले. मी म्हणालो, टाकी फोडणारी गोफण आठाची. ते म्हणाले, करवंटी शाबूत आहे. केमिस्ट्रीवाल्यांनी आणि गणितवाल्यांनी त्यांच्याच बाजूनं मान हलवली. त्यांना कपडे धुवायचे होते, आणि पाणी आणायला कुणीतरी हवा होता. समोसा पडला, तीन. राक्षसानं एक पाऊल पुढं टाकलं आणि माझा गडी गेला.

पंधरा दिवस मी दोन घरच्या घागरी घेऊन उभा राहिलो. फिजिक्सवाले रोज तीनला खिडकीतून पाहायचे, हातात चहा. सोळाव्या दिवशी मी खोली सोडली. सामान बांधताना ते पुस्तक हाताखाली आलं. तक्त्याचं पान उघडलं. गोफणीपुढचा चार खोडून पेनानं आठ केला होता, आणि शेजारी त्यांच्या त्या सुबक, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त टाक्यांवर.

मी ते पान फाडून आणलं; सगळ्या हत्यारांचे आकडे त्यावरच होते. आता फिजिक्सवाले तलवारीचा आकडा तोंडानं सांगत असतील.