काण्याची पट्टी कुठल्या डोळ्यावर

सुरतच्या पांडेसऱ्यात साड्यांची डिझाइनं ट्रेस करणाऱ्या पोरींमध्ये उज्ज्वला बोरसेचा हात सगळ्यांत सरळ, आणि जीभही तेवढीच सरळ. हाताचं कौतुक व्हायचं, जिभेचं नाही. साडीत सहा रंग असले तर छपाईला सहा पडदे लागतात, आणि प्रत्येक पडद्यासाठी त्या रंगाची फुलं-पानं तेवढी वेगळ्या कागदावर उतरवावी लागतात. हे काम ती सतराव्या वर्षापासून करत होती. सत्त्याण्णव साली तिला चोविसावं लागलं होतं. चित्रकाराने आळस करून एकच फूल उलटं फिरवून दोनदा वापरलेलं तिला लगेच दिसायचं, आणि दिसलं की ती स्टुडिओच्या मास्तरांसमोर बोलून मोकळी व्हायची.

तिचा मोठा भाऊ गजेंद्र आधी रंगाच्या मिलमध्ये होता. हाताला फोड येऊ लागले तेव्हा ते काम सोडून त्याने घरातल्याच, गल्लीकडच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. टीव्ही, राखाडी जपानी मशीन, समोर लाकडी बाक. सगळ्यांत जास्त चाले तो एका जपानी कार्टूनवरून केलेला मारामारीचा गेम. ते कार्टून गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं आणि गेममधली अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून पोरांनी लढणाऱ्यांना आपलीच नावं देऊन टाकली होती. छत्रीने मारणारी ती छत्रीवाली. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला दांडगा कोळी तो काण्या.

नवरात्राच्या सुमारास समोरच्या गाळ्यात ठाकोरभाईंनी तसलंच दुकान उघडलं. त्यांचं मशीन काळं, दुसऱ्या कंपनीचं. गेम मात्र त्याच कार्टूनवरचा, वेगळ्या लोकांनी बनवलेला. तीच छत्रीवाली, तोच काण्या. झालं, आठवड्याभरात गल्लीचे दोन तुकडे पडले. राखाडीवाले म्हणत आमचा गेम खरा, काळेवाले म्हणत तुमचा तो उष्टा. एकदा पाण्याच्या नळावर या वादात दोघांच्या बादल्या फुटल्या. गंमत म्हणजे भांडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी समोरच्या दुकानात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

गजेंद्रला वाटलं, आपली बहीण तीन भाषांत सुरेख अक्षर काढते, तिच्याकडून एक मोठा फलक करून घ्यावा. मराठी, गुजराती आणि हिंदीत एकच वाक्य: खरा गेम इथेच. उज्ज्वला म्हणाली, आधी समोरचा बघते, मग लिहिते. गजेंद्रला हसू आलं. त्या दुकानात बाई कशी जाणार?

ती दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर थेट गेली. बाकावरची पोरं वळून बघू लागली. ठाकोरभाई पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांनी हात जोडूनच सांगितलं, "बेन, अहीं लेडीझनुं काम नथी."

"बोर्ड पर एवुं लख्युं नथी," ती म्हणाली आणि नंबर लावून बसली.

पुढच्या दिवशी बोर्डावर तसं लिहिलेलं होतं. उज्ज्वलाने ते उभ्याने वाचलं, 'लेडीझ'मधली एक मात्रा राहिलीय हे ठाकोरभाईंना दाखवलं आणि आत जाऊन बसली. ठाकोरभाईंनी मात्रा तेवढी भरून घेतली.

चार दिवस ती तिथे बसली, चार दिवस भावाच्या दुकानात. खेळणं तिला बेताचंच येत होतं. ती बटण दाबून खेळ मध्येच थांबवायची, पिशवीतून बटर पेपर काढायची आणि टीव्हीच्या काचेवर लावायची. काचेला वीज धरलेली असल्याने कागद आपोआप चिकटून राही. मग पेनाने ती छत्रीवालीची बाह्यरेषा उतरवून घ्यायची. खेळ अंमळ सोडायचा, पुन्हा थांबवायचा, पुन्हा रेषा. मागची पोरं वैतागत, पण तिने पैसे मोजून स्वतःचा वेळ घेतलेला असायचा, त्यामुळे उठवताही येत नव्हतं.

कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले तेव्हा तिला उत्तर मिळालं. छत्रीवालीच्या एका लाथेसाठी काळ्या मशीनवर आठ चित्रं होती, भावाच्या मशीनवर पाच. काण्याचं तर त्याहून सोपं होतं. भावाच्या गेममध्ये काण्या उजवीकडे तोंड करून लढताना पट्टी डाव्या डोळ्यावर असायची आणि डावीकडे वळला की उजव्यावर जायची. एकच चित्र उलटं फिरवलेलं, आळशी चित्रकाराच्या फुलासारखं. समोरच्या गेममध्ये तो कसाही वळला तरी पट्टी डाव्या डोळ्यावरच. त्यांनी दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या होत्या.

पण दुसरीही गोष्ट होती. भावाच्या मशीनवर बटण दाबताक्षणी वार लागायचा. समोर तो किंचित रेंगाळायचा, आणि दर फेरीआधी काळ्या पडद्याकडे बघत बसावं लागायचं. सुरुवातीला तिला वाटलं की आपल्याच बोटांचा दोष. मग तिने तोच वार दोन्हीकडे शंभर-शंभर वेळा मारून पाहिला.

रविवारी सकाळी तिने मोठ्या कागदावर सगळं मांडलं. वर दोन्ही काण्यांची चित्रं, खाली छत्रीवालीच्या लाथा ओळीने, त्याखाली तीन भाषांत तिचं म्हणणं: चित्रं समोरच्याची सरस, हात आमच्याकडचा चपळ.

गजेंद्रने कागद वाचला आणि तो लालबुंद झाला. म्हणाला, वरचं काप, खालचं ठेव. ती नाही म्हणाली.

"खातीस या घरात आणि बाजू घेतीस समोरच्याची?"

"मी कुणाची बाजू घेतली नाही, भाऊ. जे काचेवर होतं ते उतरवलं."

"लोक हसतील मला."

"मग हसू दे. खोटी रेषा माझ्या हातून निघायची नाही."

त्याने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. वडील लोटूआप्पा मिलमधून आले, कागदावर नजर टाकून जेवायला बसले. आई कलाबाईचं दुःख वेगळंच होतं. गेमच्या दुकानात बसणाऱ्या मुलीशी सोयरीक कोण करणार, हे तिने तीन दिवस ऐकवलं.

बातमी समोर पोचलीच. ठाकोरभाई स्वतः दारात आले. बोर्डाचा विषय त्यांनी काढला नाही. कागदाचा वरचा भाग तेवढा द्या, काचेच्या फ्रेममध्ये लावतो, खाली तुमचं नाव घालतो, असं म्हणाले. उज्ज्वलाने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "खालचा भाग लावाल?" ते हसले. "मग वरचाही नाही," ती म्हणाली.

निंबाआप्पांची पिठाची गिरणी गल्लीच्या मध्यावर होती आणि निंबाआप्पांना दोन्ही मशीनांशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने कागद त्यांच्या भिंतीवर डकवला. दुसऱ्या सकाळी तो फाटलेला होता. ट्रेसिंगवालीला याचं काय? मूळ रेषा तिच्यापाशी होत्याच. तिने दुसरा लावला. तोही गेला. तिसरा फाडताना निंबाआप्पांनी गजेंद्रला पाहिलं आणि तसं तिला सांगितलं. ती चौथा कागद उतरवायला बसली तेव्हा गजेंद्र शेजारच्या खाटेवर होता. तिने एकेक रेष त्याच्यादेखत काढली. चौथा कागद टिकला.

आता दळण घेऊन येणारा प्रत्येकजण काण्याचे डोळे बघून जाऊ लागला. काळेवाले फुशारले, पण खालची ओळ त्यांना बोचत होती. त्यांच्यात सर्वांत तरबेज होता चेतन, लूमच्या कारखान्यात काम करणारा, धुळ्याकडचा. त्याने गिरणीपाशी सगळ्यांसमोर म्हटलं, जिला नीट खेळता येत नाही तिने गेमबद्दल बोलू नये. हिंमत असेल तर समोर बसावं.

उज्ज्वला रविवारी दुपारी समोरच्या दुकानात जाऊन बसली. गाळ्यात आणि बाहेर मिळून चाळीस-पन्नास माणसं. चेतनने तिला तिन्ही फेऱ्यांत लोळवलं. मग ती उठली आणि म्हणाली, आता आमच्याकडे चल. अख्खा घोळका गल्ली ओलांडून आला. बहिणीशी बोलत नसलेल्या गजेंद्रला मुकाट्याने मशीन लावून द्यावं लागलं. तिथेही चेतनने तिला हरवलं. फक्त शेवटच्या फेरीत त्याला घाम फुटला.

लोक ओरडले, चेतनच्या खांद्यांवर थापा पडल्या. उज्ज्वलाचे कान तापले होते. पण ती जागची हलली नाही.

"हरले," ती म्हणाली. "तू माझ्यापेक्षा दसपट चांगला खेळतोस. आता टीव्हीकडे बघ. काण्याची पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे?"

चेतनने पाहिलं. पडद्यावर काण्या डावीकडे तोंड करून उभा होता.

"उजव्या."

"आणि तुमच्याकडे?"

खोटं बोलायची सोय नव्हती, सगळी गल्ली नुकतीच तिकडून आली होती. "डाव्या," तो म्हणाला.

"आणि वार कुठे लवकर लागला?"

त्याने मान मागे वळवली. त्याच्या मागे ठाकोरभाई उभे होते. "इथे," तो शेवटी म्हणाला. "बटण इथे हलकं आहे. तिकडे मला अंदाजाने आधी दाबावं लागतं."

"हेच लिहिलंय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

गजेंद्र दिवाळी उलटेपर्यंत बोलला नाही. दुकान मात्र बुडालं नाही. चित्रं बघायची ते समोर जात, ईर्षेने खेळायचं ते इकडे, आणि काही शहाणे दोन्हीकडे. मग एका रविवारी उज्ज्वलाच्या स्टुडिओतल्या जागृती आणि कमल आणखी दोघींना घेऊन गल्लीत आल्या. त्यांनी तिच्याकडून पट्टीचा किस्सा ऐकला होता, आता स्वतः हात लावून बघायचं होतं. ठाकोरभाईंचा बोर्ड अजून लटकलेला होता. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पोरी वळून गजेंद्रच्या दारात आल्या. तो डोकं खाजवत उभा राहिला, मग बाकावरच्या पोरांना म्हणाला, उठा, तीन ते पाच आता बायकांची वेळ. बहिणीकडे मात्र त्याने पाहिलं नाही. बाक तेवढा पुसून दिला.

चेतन साडेतीनला आला. दारात कलाबाई शेंगा निवडत बसली होती. आतून पोरींचा हलकल्लोळ ऐकू येत होता. तो पायरी चढू लागला तशी तिने सूप आडवं धरलं.

"आते जागा नही शे," ती त्याच्याच अहिराणीत म्हणाली. "पाच वाजता ये."