भागीचा रहाट

मार्गशीर्ष शुद्ध दशमी. सकाळपासून अंगणात अंबाडीचा दोर पसरून बसले आहे. आमच्या नावेच्या नांगराचा दोर, पूर ओसरल्यावर नदीच्या गाळातून काढलेला. तो हातातून हळूहळू सारायचा, कुजका तुकडा लागला की कापून टाकायचा आणि दोन्ही टोकांचे पीळ एकमेकांत गुंफून पुन्हा सलग करायचे, असं हे काम. हे काम भागीचं. ती होती तोवर मला या दोराकडे कधी पाहावंही लागलं नाही. आता ती नाही, आणि महिनाभर बंद असलेली नाव उद्या पुन्हा सुरू व्हायची आहे. बोटांची सालं निघाली आहेत. तिच्या बोटांना सालं उरलीच नव्हती, नुसते घट्टे होते.

भागीरथी ही माझी धाकटी नणंद. ती गेली त्या दुपारी मी चुलीवर ज्वारीच्या कण्या चढवल्या होत्या. आमचा जुना नावाडी लक्ष्मण दारात येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. मी म्हटलं, "काय झालं? काहून उभा आहेस?" तर म्हणाला, "वयनी, बाज पाहिजे एक." घाटावर बाज कशाला लागते हे नदीकाठच्या बाईला सांगावं लागत नाही. मी बाजेवरचं अंथरूण काढून घेतलं आणि बाज उभी करून त्याच्या हाती दिली. कोणाला आणायचं आहे हे विचारलंच नाही. तो परत वळला आणि पाठमोराच म्हणाला, "आपली भागाबाई..." कण्या तशाच चुलीवर राहिल्या आणि करपल्या.

आमचं गाव वर्धेच्या अलीकडच्या काठावर, कौंडण्यपुराच्या खाली. नावेचा मक्ता सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घराकडे. पूर्वी नावेत माणसं, शेळ्या, बाजाराची बोचकी आणि यात्रेच्या दिवसांत थोडी गर्दी, एवढंच असे. गेल्या काही हंगामांत सगळं फिरलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली आहे, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आहे, असं अमरावतीचे दलाल सांगू लागले, आणि पलीकडच्या आर्वीच्या बाजूचा कापूस आमच्या घाटावर येऊन पडू लागला. पलीकडे गाड्या रिकाम्या करायच्या, गोण्या नावेत घालायच्या, अलीकडे दुसऱ्या गाड्यांत भरायच्या आणि अमरावतीचा रस्ता धरायचा. माझ्या घरच्यांनी, म्हणजे भागीच्या थोरल्या भावाने, मोठी नाव बांधवली. ती पाण्यात उतरली, आणि पलीकडच्या काठाला पहिल्याच खेपेला रुतून बसली. त्या काठाला नुसता काळा गाळ. रिकामी नाव सहज टेकायची, भरल्यावर हलायची नाही. वीस माणसांनी छातीएवढ्या पाण्यात शिरून ढकलावं तेव्हा सुटायची.

भागी त्याच सुमारास अकोल्याहून कायमची परत आली होती. तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि हिला एका गाठोड्यासकट आमच्या दारात आणून सोडलं. आल्या दिवशी ती रडली नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाली, "वयनी, मले पाहुणी करू नको. काम सांग." अकोल्याला तिच्या सासरसमोरच कापूस दाबून गाठी बांधायचं हातदाबाचं यंत्र होतं. रोज दारात बसून तिने ते पाहिलेलं. दांडा फिरवला की चाक फिरतं, चाकाला दाते असतात, त्या दात्यांत एक लोखंडी खिटी पडते आणि चाकाला उलटं फिरू देत नाही. एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नाव रुतलेली पाहून ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाराकडे गेली. लोहार म्हणाला, "हे नावेवर लावाचं का कापूस दाबाले?" ही म्हणाली, "तुले काय करा लागते? तू दाते बराबर काढ."

असा तो रहाट झाला. विहिरीवर असतो तसाच, पण बुटका आणि जाड. बाभळीचा रूळ, तो दोन खांबांत बसवलेला, दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे लोखंडी दांडे, एका अंगाला दातेरी चाक आणि वर खिटी. रुळावर दोर, दोराच्या टोकाला नांगर. पलीकडचा काठ जवळ आला की जरा अलीकडे, खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि दोर सोडत सोडत नाव काठाला टेकवायची. भरून झाली की दोघांनी दोन दांडे फिरवायचे. नाव आपोआप नांगराकडे ओढली जायची, चिखल सोडायची, मग नांगर वर घेऊन पुढे निघायचं. वीस माणसांचं काम दोघांवर आलं, आणि त्या दोघांत एक भागी. दुसरा जो हाताशी सापडेल तो.

बाईमाणूस नावेवर म्हटल्यावर घाटावर बोलणी झालीच. एक म्हातारा म्हणाला, "नदी कोपन बावा अशानं." भागी म्हणाली, "नदी का तुया कानात सांगून गेली?" तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. मीही फारशी लागत नव्हते. खरं सांगायचं तर आमचं दोघींचं जेमतेमच जमायचं. घरातलं तूप ती रहाटाच्या आसाला लावायची. मी ओरडले की म्हणायची, "तुया भाकरीपेक्षा माया आस जास्त कोरडा हाय, वयनी." यावरून एकदा अख्खा श्रावण आम्ही एकमेकींशी बोललो नाही. जेवायला ती एकटी बसायची, वाढलेलं उरलं तर झाकून ठेवायची आणि कोणाला हात लावू द्यायची नाही. लहान मुलं तिला भ्यायची. ती फार प्रेमळ होती असं आता चार बायका येऊन सांगतात. ती प्रेमळ नव्हती, पण ती नावेवर असली की नाव परत यायची.

रहाटाचा एकच नियम तिने सगळ्यांना पाठ करून घेतला होता. नांगर ओढताना खिटी सांभाळते, माणूस थकला तरी चालतं. पण दोर सोडायचा असेल तर आधी दांडा थोडा पुढे रेटावा लागतो, तेव्हा कुठे खिटी सैल होऊन उचलता येते. त्यानंतर सगळा भार त्या दोघांच्या हातांवर. "खिटी उचलली का दांडा सोडाचा नाही. आग लागली तरी नाही. अन् सोडाचाच असन तर पयले बोंबल, मंग सोड." मी स्वतः हे इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

आता पाण्याचं सांगते. भाव चढले तशी कापूस ओला करायची रीत पडली. ओला कापूस वजनाला जास्त भरतो. आधी लोक रात्री घरात लपून शिंपडत, मग गाडीवर, आणि या हंगामात आमच्या नावेत. नाव भरून चिखलात थांबली की गाडीवान कडेला बसायचे, तांब्याने नदीचंच पाणी घ्यायचे आणि गोणीचं तोंड सैल करून आत ओतायचे. घरून ओला करून आणला तर घाटापर्यंत आपल्याच बैलांना ओढावा लागतो. नावेत केला तर ओझं नदी वाहते, असा हिशेब. सगळे हसत, एकमेकांना तांब्या देत. आम्ही नाव भरायची ती गोण्या मोजून. कोरड्या गोणीला नाव किती पेलते हे लक्ष्मणला ठाऊक, पण प्यालेल्या गोणीचं माप कोणाकडेच नव्हतं.

भागी त्यांच्यावर ओरडायची. "कापसाले तहान लागली काय रे?" गणपत नावाचा एक गाडीवान होता, तिचा रोजचा भांडणाचा गडी. तो म्हणायचा, "बाई, पाणी का तुमच्या बापाचं हाय? नदीचं हाय." "नाव तं माया बापाची हाय नं! डुबली म्हणजे तुया बैलाच्या शेपटीले धरून जाजो अमरावतीले." सगळे हसायचे, गणपतही हसायचा, आणि गोणीत आणखी एक तांब्या जायचा. तिने भावाला दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "वरच्या घाटावर कोणी हटकत नाही. आपण हटकलं तर गाड्या तिकडे जातील." ते खोटं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. वरच्या मुलखात अवेळी पाऊस झाला आणि दुपारून नदी गढूळ होऊन चढू लागली. नाव पलीकडे भरलेली, गोण्या नेहमीसारख्या पाजलेल्या. दुसऱ्या दांड्यावर त्या दिवशी गणपत होता. रहाट फिरवून नाव चिखलातून काढली, नांगराच्या वर आणली. नांगर उचलेना. गाळात गेला असावा किंवा खडकात अडकला असावा. दोर ताठ, पाणी चढतं, नाव जड. नावेचं तोंड पाण्यात ओढलं जाऊ लागलं. दोर कापायला कुऱ्हाड होती, ती गोण्यांखाली पडलेली. मग राहिला एकच उपाय. दांडा पुढे रेटायचा, खिटी उचलायची आणि दोर सोडून नाव मागे जाऊ द्यायची. लक्ष्मण सांगतो, दोघांनी मिळून रेटलं, भागीने एका हाताने खिटी उचलली, आणि त्याच वेळी तोंडावरून लाट आत आली. गणपतच्या गोण्या पुढेच होत्या. त्याने पाणी गोण्यांकडे जाताना पाहिलं आणि दांडा सोडून तिकडे धावला.

तो ओरडला नाही. सगळा भार एकट्या भागीवर आला आणि दांडे उलटे गरगरले. पहिल्या फेऱ्यात दांडा तिच्या छातीत बसला, दुसऱ्यात कपाळावर. दोर सगळा सुटून गेला, नाव मोकळी होऊन खालच्या वाळूच्या बेटाला लागली. माणसं सगळी वाचली. कापूसही वाचला... तो वाळवून अमरावतीला विकलासुद्धा गेला.

बाजेवरून तिला घरी आणलं तेव्हा श्वास चालू होता. मी रक्त पुसलं, पाणी पाजायला गेले, ते आत गेलं नाही. दिवस मावळायच्या आत संपलं. शेवटी ती काही बोलली का, असं सगळे विचारतात. काही बोलली नाही. छातीची हाडं मोडलेलं माणूस बोलत नाही.

गणपत भेटायला आला. ओसरीवर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "बाईनं रहाटाले हात लावाले नको होता, नशीब बावा." मला वाटलं कोणीतरी काही म्हणेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आठवड्याभरात हेच सगळ्या घाटाचं म्हणणं झालं. रहाट वाईट, बाई हट्टी, नदी कोपली. ज्यांचे तांबे त्या नावेत फिरत होते तेच हे सांगत होते. काल रात्री जेवताना घरचे म्हणाले, रहाट काढून टाकू या, गाडीवान त्याला भितात. मी म्हटलं, "रहाट राहील. ओला कापूस नाही चढणार." ते म्हणाले, "सगळेच ओला करतात." मी म्हटलं, "म्हणूनच तुमची बहीण गेली. घाटावर उभं राहून एकदा तुम्ही एवढं म्हणा. मग रहाट काढा नाहीतर जाळा." ते उठले, हात धुतले. माझं मागणं एवढंच आहे. तिच्या मरणाला नशीब म्हणू नये.

हे काल लिहिलं. आज सकाळचं तेवढं खाली जोडते.

उजाडल्यावर मी लक्ष्मणबरोबर पलीकडे गेले. नावेत शिरताना कोणी अडवलं नाही. काठावर गाड्या लागल्या होत्या, गणपतचीही होती. मी सांगितलं, प्रत्येक गोणीत हात घालून पाहणार, ओली निघाली तर इथेच राहील. कोणी हसलं, कोणी थुंकलं. सगळ्यांत पुढे आमचीच गाडी होती. पलीकडच्या काठाला आमचं शेत आहे, तिथला कापूस. घरचे काल वरच्या घाटावरून तिकडे जाऊन मुक्कामाला राहिले होते आणि आता जुवाजवळ उभे होते. पहिल्या गोणीचं तोंड मी सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरचा कापूस कोरडा, ऊबदार. आत थंडगार ओला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नदीकडे पाहत होते.

मी म्हटलं, "लक्ष्मण, हे उतरव." लक्ष्मण जागचा हलला नाही, मालकाची गोणी तो कशी उतरवणार? मग मीच गोणीचा कान धरून ती ओढली. गोणी खाली पडली ती चिखलात. दुसरी ओढली, तिसरी ओढली. चौथीला दुसऱ्या बाजूने हात लागला. भागीच्या भावाचा हात होता तो. त्यांनी वर पाहिलं नाही, पण मागच्या गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ओला हाय. भागी यानंच गेली." मग ती गोणी त्यांनीच खाली ओढली. गणपतने बैल वळवले आणि तो वरच्या घाटाकडे निघून गेला. त्याच्या मागून आणखी तीन-चार गाड्या गेल्या.

पहिली खेप जवळजवळ रिकामीच निघाली. रहाटाच्या एका दांड्याला लक्ष्मण उभा राहिला, दुसऱ्याला मी. नाव हलकी होती. दोर सहज येत गेला.